मंचरमार्गे जर्मनीला, मला सोडून

जर्मनीत मूल तापाने फणफणलं तर एकदम मोठ्या दवाखान्यात धावायचं नसतं, आधी जवळच्या मुलांच्या डॉक्टरला फोन करायचा असतो, हे मला ठाऊक आहे. हॉलंडमधल्या पुष्कळ शाळा बुधवारी दुपारीच सुटतात, हे ठाऊक आहे. स्वीडनमध्ये तान्ही मुलं भर थंडीत बाबागाडीत बाहेर झोपवतात आणि त्यांना काहीही होत नाही, हेही ठाऊक आहे. माझा स्वतःचा सर्वांत लांबचा प्रवास मात्र काठमांडूपर्यंत झाला, तोही यात्रा कंपनीच्या बसने. तिथे जायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही. पासपोर्ट मी हौसेने काढला होता. मुदत संपली तेव्हा तो काढल्या दिवसाइतकाच कोरा होता.

मंचरच्या बाजारपेठेत, खताच्या दुकानाच्या वर माझं ऑफिस आहे. पाटीवर ‘कर सल्लागार’ असं लिहिलंय, पण गिऱ्हाईक मला ‘वकीलसाहेब’ म्हणतं. मी वकील नाही. आमच्याकडे न हसता कायद्याचं बोलणाऱ्या कुणालाही वकील म्हणतात. पहिली बरीच वर्षं माझ्याकडे कांदा-बटाट्याचे आडते, खतवाले, दूधवाले यायचे. मग त्यांची पोरं इंजिनिअर झाली आणि एक दिवस त्यांतला एक पोरगा जिना चढून वर आला. म्हणाला, “काका, कंपनी दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवतेय. बायको-मुलं बरोबर. इथलं काय करून जाऊ?” मला काहीही माहीत नव्हतं. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “परवा या.” त्या दोन दिवसांत जे वाचलं त्यावर पुढची पंधराएक वर्षं माझं घर चाललं.

हा धंदा काय आहे ते थोडक्यात सांगतो. कायमचा जाणारा माणूस सोपा असतो. तो घर विकतो, रडतो आणि जातो. दोन-तीन वर्षांपुरता जाणारा अवघड. त्याचा एक पाय इथे, एक तिथे, आणि दोन्ही सरकारांना तो आपलाच वाटतो. त्याचे प्रश्न तीनच असतात. पहिला, कर कुठे भरायचा? वर्षातला मोठा भाग बाहेर काढला की आपला कायदा त्याला त्या वर्षापुरता इथला रहिवासी धरत नाही. मग तिकडच्या पगारावर तिकडे, इकडच्या उत्पन्नावर इकडे. हे बँकेलाही कळवायचं असतं आणि साधं बचत खातं बदलून घ्यायचं असतं. हे कुणीही करत नाही, कारण बँकेतला माणूस ओळखीचा असतो. दुसरा प्रश्न शाळेचा. तिकडे मुलाला कुठल्या वर्गात बसवतील आणि परत आल्यावर इथे कुठल्या? तिसरा दवाखान्याचा. विमा कुणाकुणाला धरतो आणि कुणाला सोडतो? पहिला प्रश्न बाप विचारतो, दुसरा आई. तिसरा कुणीच विचारत नाही. तो मी विचारतो आणि मग सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू मीच आजार आणला.

पेठ गावच्या एका म्हातारबांचं उदाहरण देतो. मुलाकडे हॉलंडला तीन महिने राहायला निघाले होते. प्रवासाच्या विम्यात ‘पूर्वीचा काही आजार’ असा प्रश्न होता. त्यांनी ठामपणे सांगितलं, काही नाही. मी विचारलं, “बाबा, मग ही गोळ्यांची पिशवी?”

“ती व्हय? ती आजार हू नाय म्हणून घेतो.”

आमच्या भागात आजार कबूल करणं म्हणजे त्याला बसायला पाट देणं. मी तो प्रश्न खरा भरायला लावला आणि त्यांनी जाईपर्यंत मला माफ केलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ही सगळी माणसं जायची आणि मी जळायचो. सौम्य शब्द शोधून उपयोग नाही. त्यांचे बर्फातले फोटो यायचे. कळंबला घरी ओट्यावर बसून मी ते मोठे करून बघायचो, माणसांच्या मागची दुकानं, पाट्या, सायकली. माझी बायको मंगल जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळेच्या बाबतीतलं माझं अर्धं ज्ञान तिचं आहे. ती म्हणायची, “तुम्हाला जळायला जर्मनी कशाला लागते? समोरच्यानं पत्रा बदलला तरी पुरतं तुम्हाला.” हे खरं होतं. पण जर्मनीवर जळण्यात एक दर्जा होता.

निमगाव साव्याचे दोन भाऊ माझे जुने गिऱ्हाईक. थोरला दत्ता शेती बघतो. कांदा, ऊस, थोडी भाजी, सगळं नीट चाललेलं. धाकटा संदीप चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, राहायला मोशीत फ्लॅट. दत्ताला एक मुलगी, ईश्वरी. संदीपला एक, स्वरा. ईश्वरी वर्षभराने मोठी. दत्ताची वस्ती गावापासून लांब, वाट उसातून, आणि आमच्या उसात बिबट्या राहतो हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. त्यामुळे पहिलीलाच ईश्वरीला मोशीला काकाकडे शिकायला ठेवलं. दोघी एका शाळेत, एका रिक्षात, एका खोलीत. स्वरा आईला मम्मी म्हणायची म्हणून ईश्वरीही संदीपच्या बायकोला, प्रियांकाला, मम्मीच म्हणायला लागली. सुट्टीत गावी आली की स्वतःच्या आईला, सुरेखाला, आई म्हणायची. मम्मी रोजची, आई सुट्टीतली.

संदीपला कंपनीने जर्मनीला जायचं विचारलं तेव्हा कंपनीतल्या बाईंनी विचारलं, “मुलं किती?” संदीप म्हणाला, “दोन मुली.”

यात खोटं बोलण्याचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. आमच्याकडे एकत्र घरातला माणूस मुलं अशीच मोजतो. आपलं किती आणि भावाचं किती, हे वेगळं सांगायला लागला की समजावं, आता बांधावर दगड पडणार. कंपनीने दोन मुलींच्या शाळांची चौकशी सुरू केली, दोन खोल्यांऐवजी तीन खोल्यांचं घर बघितलं. मुलींचे पासपोर्ट निघाले. कंपनीने मागितले तेव्हा संदीप दोन्ही पासपोर्ट एकाच पाकिटात घालून देऊन आला. उघडून बघायला तिकडेही कुणाला सवड नव्हती. आणि गावाला बातमी कळली.

गावाला कळलं म्हणजे सत्कार आला. यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटावर, दोन बाऱ्यांच्या, म्हणजे दोन गाडे पळायच्या, मधल्या वेळात, स्टेजवर बोलावून सत्कार करायचं ठरलं. मलाही आमंत्रण होतं, कारण ‘मार्गदर्शक’ म्हणून माझं नाव कुणीतरी पत्रिकेत घातलं होतं. घाटाच्या कडेला बारा फुटी फ्लेक्स. त्यावर विमान, विमानापुढे चौघं, संदीप, प्रियांका आणि दोन्ही मुली. खाली शुभेच्छुक म्हणून निम्मं गाव. एका माजी सभापतींनी चौघांना शाल-श्रीफळ दिलं आणि जर्मनीच्या भूमीवर निमगावचा झेंडा रोवण्याविषयी पुष्कळ वेळ बोलले. जर्मनीने याला परवानगी दिली आहे का, हे कुणी विचारलं नाही. मग लाउडस्पीकरवर गाडे पुकारणाऱ्या पोराला राहवेना. त्याने माइक घेतला.

“भले शाब्बास! निमगावचा गाडा बघा राव, चौघं जुपल्यात, चौघं बी एका दमात, घाट फोडून थेट जर्मनी!”

लोक हसले, टाळ्या पडल्या. ईश्वरीची शाल तिच्या पायात येत होती. ती एका हाताने शाल आणि एका हाताने नारळ सावरत होती, आणि नऊ वर्षांच्या पोरीचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. मी पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो आणि एका चौथीतल्या मुलीवर जळत होतो.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या व्हिसावाल्यांनी पासपोर्ट उघडले. स्वराच्या पासपोर्टवर आईबाप म्हणून संदीप-प्रियांका. ईश्वरीच्या पासपोर्टवर दत्तात्रय आणि सुरेखा. त्यांनी संदीपला विचारलं, ही दुसरी मुलगी कुणाची? संदीप म्हणाला, आमचीच. ते म्हणाले, तसं नव्हे.

मंगळवारी चौघंही माझ्या ऑफिसात आले, दोन भाऊ, दोन जावा. मुलींना खाली जीपमध्ये बर्फाचे गोळे देऊन बसवलं होतं. मी पाण्याचे पेले ठेवले. संदीपने झालेलं सांगितलं. दत्ताला त्यात अवघड काही दिसत नव्हतं.

“वकीलसाहेब, त्येंला कागुद पायजे ना? मग द्या की करून. संदीपला ईश्वरी दत्तक. माघारी आली की घिऊ परत.”

“दत्ताभाऊ, दत्तक म्हणजे ट्रॅक्टर नव्हे, हंगामापुरता न्यायला. एकदा दिली की दिली. परत घेता येत नाही.”

“भावालाच देतोय ना पन?”

“भावाला असो नाहीतर कुणाला. आणि दुसरं म्हणजे, संदीपला आधीच एक मुलगी आहे. आपला हिंदू दत्तकाचा कायदा म्हणतो, मुलगी असताना मुलगी दत्तक घेता येत नाही.”

“असं कसं? मुलगी असली की दुसरीवर माया नसती व्हय?” दत्ता म्हणाला. कायदा करणाऱ्यांना हे कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

संदीप म्हणाला, “काका, कोर्टातून पालक म्हणून नेमून घेतलं तर? साडेतीन-चार वर्षं मीच पालक आहे तिचा. शाळेत माझीच सही आहे.”

मी म्हणालो, “घेता येईल, वेळ लागेल. पण तिकडचे लोक एकच विचारणार, आईबाप हयात आहेत ना? धडधाकट आहेत ना? मग मुलगी त्यांच्यापाशी. आणि विम्याचं बघ. तिथे बायको आणि स्वतःची मुलं धरतात. पुतणीला रकाना नाही. उद्या तिचा हात मोडला तर कुणाच्या नावावर दवाखान्यात नेशील?”

मी हे सगळं नेहमीच्या कोरड्या आवाजात सांगितलं. दत्ता भावाकडे बघत होता. आजवर दोघांना सगळं सारखं मिळालं होतं, विहिरीचं पाणी, आईचा ओरडा, सगळं. पहिल्यांदाच एकाला असं काही मिळत होतं, ज्याची अर्धी वाटणी करता येत नव्हती.

प्रियांका रडत होती. रडताना म्हणाली, “तिला मी काय सांगू? तिची बॅग भरलीय मी.”

सुरेखा पदर खांद्यावरून घेऊन खुर्चीच्या कडेवर बसलेली. तिने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

“वकीलसाहेब, म्हंजी कायद्यानं ती माझीच ना?”

“हो,” मी म्हणालो. “तुमचीच.”

तिने समोरचा पेला उचलला आणि एका दमात पाणी पिऊन टाकलं.

खाली जाऊन सांगायचं कुणी, ते ठरायचं होतं. तेवढ्यात ईश्वरीच वर आली, ओठ लालभडक, हातात गोळ्याची काडी. दारात उभी राहून तिने एकेकाचा चेहरा बघितला.

“माझं न्हाई ना झालं?”

मुलांना परीक्षेचा निकाल असाच कळतो. मला तिचं वाईट वाटलं, अगदी मनापासून. आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी एक बारीक, ओशाळं समाधानही होतं. न जाणाऱ्यांत आता आम्ही दोघं झालो.

बाकीच्या तिघांचं सगळं रीतसर झालं. मी संदीपचं बँकेचं खातं बदलायला लावलं. इथला भविष्य निर्वाह निधी चालू ठेवून तिकडची कपात टळावी म्हणून लागणारा दाखला काढायला लावला. स्वराला गोवराची लस दोनदा टोचल्याचा पुरावा तिकडच्या शाळेला लागतो. तो आरोग्य उपकेंद्रातल्या बाईंच्या हस्ताक्षरात होता, तो नीट इंग्रजीत करून दिला. मंगलने प्रियांकाला बजावलं, रोज एक पान मराठी लिहून घे, परत आल्यावर तेच आडवं येतं. प्रियांका हो म्हणाली. सगळ्याच हो म्हणतात. आणि ईश्वरीचं नाव मोशीच्या शाळेतून काढून निमगावच्या शाळेत घातलं. दत्ता तिला रोज मोटरसायकलवर नेऊन सोडू लागला.

आमच्या कायद्यात एक मजेशीर वर्ग आहे. पुष्कळ वर्षं बाहेर राहून परत आलेल्याला काही काळ ‘रहिवासी, पण नेहमीचा रहिवासी नाही’ असं धरतात. दोन वर्षांसाठी जाणाऱ्या संदीपला तो वर्ग लागणार नव्हता. आपल्याच घरी परत आलेल्या ईश्वरीला मात्र नेमका लागला असता. सुरेखा तिला भाकरी वाढायची आणि ती विचारायची, इथे ब्रेड मिळत नाही का?

त्या हिवाळ्यात दत्ताने मला बोलावलं. संदीपच्या हिश्शाच्या शेतीसाठी कुलमुखत्यारपत्र करायचं होतं. वस्तीवर पोचलो तर कांदा साठवायच्या चाळीवर तो फ्लेक्स. पावसाळी हवेत कांदा झाकायला फ्लेक्ससारखं दुसरं काही नाही. तो आडवा बांधला होता, त्यामुळे विमान थेट आभाळात निघालेलं आणि चौघं आडवी. सर्वांत खाली, माझ्या डोळ्यांच्या उंचीला, ईश्वरी.

“फेकायचा कशाला?” दत्ता म्हणाला. “लई चांगला आलाय.”

ईश्वरी चाळीशेजारी बाजेवर बसून व्हिडिओ कॉलवर स्वराशी बोलत होती. मी शेजारी खुर्चीवर बसून, कागद आणायला घरात गेलेल्या दत्ताची वाट बघत होतो, त्यामुळे ऐकलं.

“बघ, एवढा बर्फ पडलाय. आम्ही माणूस केला त्याचा,” स्वरा सांगत होती.

“आमच्याकडं गारा पडल्या. एवढाल्या.”

“आमच्या शाळेत पोहायला नेतात.”

“मी विहिरीत शिकले. पाठीला डबा न बांधता.” हे खोटं होतं. डबा खुंटीला टांगलेला मला दिसत होता.

“आम्ही ट्रेनने बर्लिनला गेलो.”

ईश्वरी थांबली. तिने फोन उसाकडे फिरवला.

“तिथं दिसतंय का? परवा तिथं बिबट्या आला व्हता. आमचं कुत्रं नेलं. माझ्या बाबांनी फटाके लावले. तुमच्याकडं येतो का बिबट्या?”

मग स्वरा हळू आवाजात म्हणाली, “नाही.”

फोन ठेवून ईश्वरीने माझ्याकडे बघितलं.

“वकीलकाका, तुमी गेलाय का जर्मनीला?”

“नाही.”

“का?”

“मला कुणी नेलं नाही.”

तिने मान हलवली. मोठी माणसं या उत्तरावर मला जशी सहानुभूती दाखवतात, तशी तिने दाखवली नाही. सरकून बाजेवर जागा केली एवढंच. मी बसलो. आम्ही दोघांनी बराच वेळ त्या आभाळात निघालेल्या विमानाकडे बघितलं.

दोन वर्षं झाली आणि मे महिन्यात ते तिघं परत आले. परत आलेल्यांचा सत्कार करायची पद्धत नाही. जूनच्या आधी सगळे पुन्हा माझ्या ऑफिसात, या वेळी मुलींसकट. प्रियांका माझ्यासाठी चॉकलेटचा डबा घेऊन आली होती. अशा डब्यांवर मी फार बारकाईने जळतो. हल्ली आवरणंसुद्धा ठेवून देतो.

संदीपचं काम सोपं होतं. तो पुन्हा इथला पूर्ण रहिवासी झाला होता, खातं पूर्ववत करायचं, तिकडे भरलेल्या कराचे कागद जपायचे. अडचण शाळेची होती. मोशीच्या शाळेने स्वराची परीक्षा घेतली. गणित उत्तम, इंग्रजी उत्तम, मराठी लिहिता येईना. एक वर्ग खाली बसवा म्हणाले.

“कायद्याने वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो,” मी म्हणालो. “भांडलात तर देतील. पण रोज वर्गात बसायचंय तिला, तुम्हाला नव्हे.”

“मराठीचं आम्ही बघू घरी,” प्रियांका म्हणाली. मला मंगलचं रोजचं एक पान आठवलं.

संदीप म्हणाला, “आणि ईश्वरीचंही नाव परत मोशीला घालतोय. तिचा पलंग तसाच ठेवलाय. दोघी पुन्हा एका रिक्षात.” त्याचा आवाज बोलताना जरा चढला होता. दोन वर्षं ही गोष्ट तो मनात बाळगून होता, ते ऐकू येत होतं.

सुरेखा खाली बघत होती. या दोन वर्षांत पोरगी तिची झाली होती. भाकरी मागून घ्यायची, वेणी घालून घ्यायची, रागावली की तिच्यावरच रागवायची. दत्ता खूश होता. त्याच्या लेखी चुकलेलं माप पुन्हा बरोबर होत होतं.

ईश्वरी अकरा वर्षांची झाली होती, उंच आणि रापलेली. तिने संदीपला विचारलं, “काका, परत तिकडं जायचं निघालं तर?”

“आता नाही निघणार, बेटा.”

“निघालं तर? मला धरून जानार का सोडून?”

संदीपने माझ्याकडे बघितलं. उत्तर माहीत असलं आणि ते नको असलं की गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं. मी चॉकलेटचा डबा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला ठेवला.

“जा गं,” सुरेखा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “चांगली शाळा हाय. जा. सुट्टीला येशील.”

मी तिला दोन वर्षांपूर्वी पाणी पिताना बघितलं होतं, म्हणून तिला हे शब्द किती जड गेले ते मला कळलं. बाकी कुणाला कळलं असेलसं वाटत नाही. ईश्वरीने आईकडे बघितलं, मग स्वराकडे.

“मी न्हाई जात. काकू, हिलाच ठिवा हितं दोन वर्सं. मग झाली फिट्टंफाट.”

दत्ता मोठ्याने हसला. संदीपही हसला. प्रियांका हसायला निघाली आणि मध्येच थांबली. ‘मम्मी’चं ‘काकू’ झालेलं तिला तेव्हा ऐकू आलं असावं.

“चालेल,” स्वरा म्हणाली.

“अगं, चिडवतेय ती तुला,” प्रियांका म्हणाली.

“मला राहायचंय.”

“इथे? मराठी तर येत नाही तुला लिहिता.”

“ईश्वरी शिकवेल. इथे बिबट्या येतो.”

“बिबट्या येतो म्हणून कुणी राहतं का?”

स्वरा बोटांशी खेळत होती. “तिकडे शाळेतून आलं की फक्त तूच असायचीस, मम्मी,” ती म्हणाली. तक्रार नव्हती. घरात किती खुर्च्या आहेत ते सांगावं, तसं सांगितलं.

“चिडवत नव्हते मी,” ईश्वरी म्हणाली, आणि सरकून खुर्चीवर तिला जागा करून दिली. तिची जागा करायची ती पद्धत मला ओळखीची होती.

प्रियांका माझ्याकडे वळली. परदेशातून आलेली माणसं माझ्याशी जरा सावकाश बोलतात, ते सगळं गेलं होतं.

“सर, असं चालतं का? म्हणजे आम्ही मोशीला आणि ती...”

आता मला मोह होता. सतरा अडचणी सांगता आल्या असत्या, आणि त्या घ्यायलाच ती वळली होती. पण अडचण खरोखरच नव्हती. “चालतं,” मी म्हणालो. “निमगावच्या शाळेच्या अर्जात पालकाचं नाव आणि नातं असा रकाना आहे. दत्तात्रय, चुलता. एवढंच लिहायचं. वर्ग वयाप्रमाणे देतील. आणि मराठी सुधारेल, ते तर निश्चित.”

“आमच्याकडं काय कमी न्हाई पडायचं तिला,” दत्ता म्हणाला. त्याने छाती थोडी पुढे काढली. “दोन पोरी हायेत, दोन सांभाळू.”

संदीपने थोरल्या भावाकडे बघितलं. कंपनीत त्याच्या तोंडून गेलेला तोच आकडा होता, फक्त आता तो भावाने उचलला होता. “दिवाळीपर्यंत बघू,” संदीप बायकोला म्हणाला. “नाही जमलं तर नेऊ.”

प्रियांकाने त्याचं ऐकलं नाही. ती सुरेखाकडे बघत होती, सुरेखाच्या खांद्यावरच्या पदराकडे, तिच्या शेजारी एका खुर्चीत दाटीवाटीने बसलेल्या दोन मुलींकडे. माझ्या ऑफिसात कितीतरी माणसं जर्मनीकडे अशी बघत आली आहेत. मी स्वतः आरशात ती नजर रोज बघतो. निमगाव साव्याकडे कुणाला तसं बघताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

“पण सर,” ती म्हणाली, “कायद्यानं ती माझीच राहते ना?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुरेखाने टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून तिच्यापुढे सरकवला.

“तुझीच हाय,” ती म्हणाली. “पानी पी. मी बी हितंच पिले व्हते.”